कात्री कुणाच्या प्रवासाला?

निधी देणाऱ्या एका संस्थेकडून आमच्याकडे नवा तक्ता आला. कार्यकर्त्या वर्षभरात किती किलोमीटर फिरल्या, कशाने फिरल्या, त्यातून किती कार्बन हवेत गेला ते भरून द्या आणि पुढच्या वर्षी तो कमी करून दाखवा. तक्ता भरायला बसलो आणि पहिली सूचना लगेच पुढे आली: कोलाम पोडांवरच्या बैठका महिन्याला दोनाऐवजी एक करू, तालुक्याची बैठक मोबाईलवर उरकू. मैत्रिणींनो, माझा विरोध आहे तो या सूचनेला, हिशोब ठेवण्याला नाही.

हवामानाचं बिघडणं यवतमाळच्या बाईला चर्चासत्रातून कळलेलं नाही. वेचणीला आलेला कापूस अवकाळी पावसात भिजतो तेव्हा तिची मजुरी बुडते. विहीर आटली की लांबून हंडा तीच आणते. त्यामुळे हिशोब हवाच, पण तो पुरा हवा.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. यवतमाळहून पुसद शंभरेक किलोमीटर. साहेब एकटेच जीप घेऊन जाऊन आले तर पंधरा-सोळा लिटर डिझेल, म्हणजे चाळीस किलोच्या वर. तीच वाट एसटीने गेलं, तर भरलेल्या गाडीत माणशी तीन किलोच्या आसपास येतो. आणि नागपूर-दिल्ली विमानाने जाऊन-येऊन माणशी दीडशे किलो तरी धरावेच लागतात. म्हणजे दिल्लीची एक कार्यशाळा टळली, तर आमची कार्यकर्ती पन्नास वेळा पुसदला जाऊन येऊ शकते. हे गणित कागदाच्या पाठीवर मांडता येतं, पण मांडलं जात नाही. कारण विमानाचा खर्च ‘क्षमता-बांधणी’त जातो आणि एसटीचं तिकीट ‘प्रवासखर्चा’त. कात्री प्रवासखर्चालाच लागते.

बैठक फोनवर घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावरून फोन लावून पाहावा. रेंज मिळेलही, पण फोन कुणाच्या हातात असतो? नवऱ्याच्या. सासू शेजारी बसलेली असताना मार खाल्लेली बाई काय बोलणार? आमचा अनुभव असा, की ती बैठकीतही बोलत नाही. बैठक संपल्यावर बसस्टँडपर्यंत पोहोचवायला म्हणून येते आणि गाडीची वाट बघताना बोलते. हा वेळ तक्त्यात कुठे भरायचा? शिवाय ‘मीटिंग आहे’ म्हणून तालुक्याला एकटीने जाण्याची मुभा तिने घरात भांडून मिळवलेली असते. ती आपणच पर्यावरणाच्या नावाने काढून घ्यायची का?

मग कमी काय करायचं? पाहुण्यांच्या भेटी एकत्र करू, म्हणजे तीन पाहुण्यांना तीन गाड्या लागणार नाहीत. जिल्ह्याची बैठक दरवेळी यवतमाळलाच कशाला? उमरखेड-महागावच्या बायांना दिग्रस जवळ पडतं. दिल्ली-मुंबईला धामणगाव किंवा वर्ध्याहून रेल्वेने जाऊ. इथे एक अडचण मान्य करते. विमानाचा आग्रह धरणाऱ्यांत लहान मुलांच्या आयाही असतात, कारण दोन रात्री घराबाहेर काढणं त्यांना परवडत नाही. रेल्वेत गेलेला दिवस कामाचा धरला आणि मूल सोबत नेण्याची सोय केली, तरच त्यांना रेल्वेने जा म्हणण्याचा आपल्याला अधिकार.

आणि काही गोष्टी आपल्या कार्यालयाबाहेर मागाव्या लागतील. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला आठवा. खाजगी कंपनीच्या मालकीची, अडीच फुटी रुळांवरची, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली. कापसासाठी टाकलेल्या त्या रुळांवरून पुढे गरिबांनी स्वस्तात प्रवास केला. ती बंद पडून वर्षं झाली आणि तो उतारू काळीपिवळीत कोंबला गेला. वर्धा-नांदेड मोठ्या मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, त्याचं स्वागत आहे. एसटीत मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, तेही चांगलंच. पण अर्ध्या तिकिटाला गाडी तर पाहिजे! संध्याकाळी पाचनंतर परतीची गाडी नसेल, तर बैठक चारला गुंडाळावी लागते, नाहीतर जीप ठरवावी लागते. आतल्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली की आमचा कार्बन वाढतो, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

म्हणून आम्ही तो तक्ता भरून पाठवताना एक रकाना स्वतःहून वाढवला: ‘प्रवास कुणी केला?’ पुढच्या जिल्हा बैठकीत सगळ्या तालुक्यांचे आकडे मांडणार आहोत. आपापल्या डेपोतल्या शेवटच्या गाडीची वेळ प्रत्येकीने लिहून आणावी. आगारप्रमुखांना द्यायच्या निवेदनात ती लागेल.