वरचा कप्पा कोरडा, खालचा ओला

अकोल्यातल्या माझ्या एका मित्राला सिगारचा शौक आहे. मी ओढत नाही आणि कोणी ओढावी असंही म्हणणार नाही, पण सिगार ओलसर हवेत राहाव्यात म्हणून त्याने घेतलेलं कपाट मला मनापासून आवडलं. कमरेइतकं उंच, काचेच्या दाराचं, आतून लालसर सुवासिक लाकडाचं. मार्च सरता सरता त्याचा फोन आला. वरच्या कप्प्यातल्या सिगार हातात घेतल्या की त्यांचे पापुद्रे सुटतात आणि तळच्या कप्प्यात पांढरी बुरशी. एकाच कपाटात उन्हाळाही आणि पावसाळाही. त्याचा प्रश्न साधा होता : "आणखी पाणी घालू का?"

सिगारचं जाणकार गाव म्हणून आमच्या बाळापूरची ख्याती नाही, हे कबूल. पण भर उन्हाळ्यात पान सुकू द्यायचं नाही आणि सडूही द्यायचं नाही, ही विद्या आमच्या पानठेल्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. अकोट आणि अंजनगाव सुर्जीकडे बारी समाजाचे पानमळे आहेत. नाजूक वेल सावलीत आणि ओलाव्यात वाढवायचा, आणि त्याचं पान विकायचं मात्र ४५ अंशांच्या गावात. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत उतरते. उघड्यावर ठेवलेलं पान तासा-दोन तासांत मान टाकतं.

पानठेलेवाला काय करतो ते नीट बघण्यासारखं आहे. खाली ओलं गोणपाट, त्यावर पानांची चवड, वर लाल फडकं. फडकं ओलं खरं, पण घट्ट पिळलेलं. मी एकदा म्हटलं, पाणी जरा जास्त शिंपडा की, ऊन किती आहे. तो हसला. "पानाले पाणी नाई लागत भाऊ, वल लागते." पाण्याचा थेंब पानावर साचला की तिथे काळा डाग पडतो आणि तो डाग शेजारच्या पानाला लागतो. म्हणून रोज सकाळी चवड सोडायची, खालची पानं वर घ्यायची, डागाळलेली काढून टाकायची. पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर असलेलं कोडं आपण लहानपणी ऐकलेलं आहेच. मित्राच्या कपाटालाही तेच उत्तर लागू होतं. पाणी भरपूर होतं, फिरत काहीच नव्हतं.

कपाट मी जाऊन पाहिलं. ते पश्चिमेच्या भिंतीला टेकून उभं होतं. दुपारनंतर ती भिंत तापते आणि कपाटाची पाठ आणि माथा तिच्याबरोबर तापतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत पाणी किती आहे एवढंच नव्हे. त्या तापमानाला जेवढी वाफ मावू शकते तिचा किती हिस्सा हवेत आहे, हे ती सांगते. दुपारी ४५ अंशांना १५ टक्के असलेली हवा पहाटे २७ अंशांवर आली, की पाण्याचा एक थेंबही न घालता ४० टक्क्यांच्या आसपास जाते. तापलेल्या माथ्याजवळचा कप्पा कोरडा आणि गार फरशीजवळचा ओला, यात मग नवल काही नाही. हवेतली वाफ दोन्हीकडे सारखीच असली तरी आर्द्रतामापकाचा काटा वेगवेगळा आकडा दाखवतो.

त्यात पाण्याची डबी एकच, आणि तीही तळाशी. मधल्या फळ्या पाठीपर्यंत सलग आणि त्यांवर डबे असे ठासलेले की बोट शिरणार नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, तेव्हा ती आपली आपण वर जाईल असं मित्राला वाटत होतं. हलकी असते हे खरं. पण वाट तर हवी! वरच्या कप्प्यापर्यंत जे काही पोचत होतं ते दाराच्या सैल फटीतून बैठकीत निघून जायचं. वरच्या सिगार सुकल्या की मित्र डबी भरायचा. खालचे डबे ओल पीत राहायचे, वरचे तसेच उपाशी.

ओल पिण्याचा हिशेब आपल्या अंदाजापलीकडचा असतो. कपाटातल्या हवेत मावणारं पाणी चमचाभरही नसतं. खरा साठा लाकडात आणि तंबाखूत. उन्हाळ्यात वाळून ५ टक्के ओलाव्यावर आलेलं २० किलो लाकूड १२ टक्क्यांवर यायचं, तर त्याला जवळपास दीड लिटर पाणी लागतं, आणि ते लाकूड सावकाशच पितं. नवं कपाट आणलं आणि लगेच माल भरला, तर लाकूड सिगारमधलीच ओल ओढून घेतं. उलट एकदा लाकूड मुरलं की तेच सांभाळतं. दार मिनिटभर उघडं राहिलं तरी बिघडत नाही. बाळापूरच्या किल्ल्याच्या जाड विटांच्या भिंतींआड एप्रिलच्या दुपारी जो गारवा टिकतो, तो याच जातीचा. १७५७ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या बांधकामाला कूलर ठाऊक नव्हता.

ओलाव्याच्या आकड्याशी आमच्या शेतकऱ्याची ओळख मात्र जुनी आणि कडवट आहे. हमीभावाच्या कापूस खरेदीत ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. वरचा कापूस वाळलेला आणि आतला दवाने ओला असला, तर मीटरचा दांडा कुठे खुपसला यावर दिवसाची कमाई ठरते. सरासरी आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. कपाटातही वर ५५ आणि खाली ८० असताना मधला काटा छान ६७ दाखवत होता आणि मित्र त्याच्यावर विसंबून होता.

आम्ही कपाट आतल्या भिंतीकडे हलवलं आणि कूलरच्या झोतापासूनही लांब ठेवलं. कूलर चालू असला की खोली दमट, वीज गेली की कोरडी, हा झोका कपाटाला नको. सुताराकडून फळ्यांच्या मागे दोन बोटं फट काढून घेतली. पाण्याची एक डबी खाली, एक वर. आणि कॉम्प्युटरमध्ये असतो तसा छोटा पंखा पाठीशी, तासातून काही मिनिटंच फिरणारा. सतत फिरला तर झोतातल्या सिगार वाळतात. पाणी डिस्टिल्ड. आमच्या खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी कूलरच्या गवतावर कसा पांढरा थर चढवतं ते घरोघरी ठाऊक आहे. डबीतल्या स्पंजाची तीच गत होते. वर-खाली फरक आता दोन-तीन टक्क्यांचा उरला आहे. बुरशी लागलेल्या सिगार फेकाव्या लागल्या, त्याला इलाज नाही.

काटाही तपासून घ्यावा. स्वस्तातले काटे बेधडक खोटं बोलतात. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर लगद्याइतपत भिजवायचं आणि काट्यासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, खोली २५ अंशांवर असो की ३५ वर. काटा ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी दाखवतो आहे, एवढं समजून चालायचं.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के मानवतात. त्याच्या वर फार काळ गेलं की बुरशी धरते. गरमीत तंबाखूचा भुंगाही जागा होतो, आणि हा पाहुणा आपल्या ओळखीचाच आहे : हळद, मिरची, धने पोखरणारा तोच. अशा कपाटांत वापरतात ते सीडर लाकूड आपल्या कडुनिंबाच्याच कुळातलं. धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आमच्या आज्यांना ही सोयरीक कळली असती तर गंमत वाटली असती.

सिगार सोडा, पण घरात हार्मोनियम असेल, जुनी पुस्तकं असतील, लाकडी पेटीत आईचे शालू असतील, तर वऱ्हाडात त्यांची वर्षातून दोनदा वेगवेगळी काळजी घ्यावी लागते. शिमग्यापासून जूनपर्यंत कोरड्या हवेपासून जपायचं आणि पाऊस लागला की नेमकं उलट. उन्हाळ्यात पेटीजवळ किंवा कपाटात पाण्याची वाटी ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की ती वाटी आठवणीने बाहेर काढा. जुलैत बाहेरची हवाच ८० टक्क्यांवर जाते, आणि उन्हाळ्याची विसरलेली वाटी पुस्तकांना बुरशी लावते.