विश्लेषण : मेल सर्व्हरची मेमरी अचानक दुप्पट का होते?

ऑफिसचा मेल रोज साधारण त्याच वेळी अडतो आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की सुरळीत होतो. अशा वेळी पहिला संशय हॅकिंगचा येतो. पण लिनक्स सर्व्हर असेल तर आधी क्लॅमएव्ही या मोफत अँटिव्हायरसकडे पाहावे.

व्हायरसच्या खुणांची अख्खी यादी तो रॅममध्ये धरून ठेवतो. त्यालाच एक जीबीहून अधिक जागा लागते. २०२० मधील ०.१०३ आवृत्तीपासून जुनी यादी कामावर ठेवूनच नवी शेजारी चढवली जाते. तेवढा वेळ मागणी जवळपास दुप्पट! २ जीबीच्या स्वस्त सर्व्हरला हे झेपत नाही. मग लिनक्सचा 'ओओएम किलर' सर्वाधिक मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद पाडतो, म्हणजे बहुधा क्लॅमएव्हीच.

मेल हरवतो का?

सहसा नाही. तपासनीसच जागेवर नसल्याने पोस्टफिक्स मेल तात्पुरता नाकारतो, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. पण ओटीपी किंवा निविदेची मुदत तेवढी थांबत नाही.

तपासायचे काय?

'फ्री' मेमरी कमी दिसली म्हणून घाबरू नये. लिनक्स रिकामी रॅम कॅशसाठी वापरतोच. 'अव्हेलेबल' आकडा पाहावा. कर्नल लॉगमधली ओओएमची वेळ आणि यादी अपडेट झाल्याची वेळ जुळली, तर चोर सापडला. 'कॉनकरंट डेटाबेस रिलोड' बंद करता येते, मात्र नवी यादी चढेपर्यंत तपासणी खोळंबते. अँटिव्हायरसच काढून टाका, हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. क्लॅमएव्हीची स्वतःची शिफारस किमान ३ जीबी रॅमची आहे.