पाहुणचाराची मुदत आणि वास्तव्याचा हक्क

घोड नदीच्या काठी पुणे-नाशिक मार्गावर वसलेल्या कळंबपासून दक्षिणेस मंचर आणि उत्तरेस नारायणगाव-जुन्नर येथपर्यंत जो बागायती पट्टा पसरला आहे, त्यातील शेतकरी कुटुंबांची मुले गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून, हिंजवडीच्या कचेऱ्यांतून उमेदवारी करून, न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा दूरच्या राज्यांत जाऊन स्थिरावली. आणि ज्यांचा सारा व्यवहार आजवर मंचरच्या बाजार समितीपाशी आणि घोडेगावच्या तहसील कचेरीपाशी संपत होता, ते त्यांचे आईबापही दर वर्षा-दीड वर्षाने सहा-सहा महिन्यांसाठी पर्यटक म्हणून अमेरिकेस जाऊ लागले. 'सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे' हे शब्द आता या भागात सहज कानी पडतात. या प्रघाताविषयी समाजात दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, दहा वर्षांचा परवाना हाती असता कोणी हरकत घेण्याचे कारणच नाही. दुसरा म्हणतो, पर्यटकाच्या नावाखाली वास्तव्य करणे हा यजमान देशाच्या कायद्याशी केलेला कपटव्यवहार आहे. आमच्या मते हे दोन्ही पक्ष सदोष आहेत.

पहिल्या पक्षाचा सारा आधार व्हिसावर छापलेल्या दहा वर्षांच्या मुदतीवर आहे, आणि तो आधारच मुळात डळमळीत आहे. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांस सामान्यतः दहा वर्षांसाठी मिळतो हे खरे. परंतु ती मुदत दरवाज्यापर्यंत जाऊन प्रवेशाची विनंती करण्याची आहे, आत राहण्याची नव्हे. आत किती दिवस राहावयाचे, हे प्रत्येक खेपेस विमानतळावरील अंमलदार ठरवितो. तो बहुधा सहा महिने देतो. पण कमी देण्याचा, किंबहुना प्रवेशच नाकारण्याचा अधिकार त्याने कधीही सोडलेला नाही. त्याने दिलेली तारीख 2013 पासून विमानतळांवर संगणकातील आगमन-नोंदीत राहते, आणि ती तारीख उलटून एक दिवस जरी अधिक राहिले तरी पासपोर्टावरील तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्द ठरतो. मुदत संपल्यावर 180 दिवसांहून अधिक काळ राहून जो बाहेर पडेल त्यास तीन वर्षे, आणि वर्षभर वा त्याहून अधिक राहील त्यास दहा वर्षे पुनःप्रवेशाची बंदी, असा दंड 1996 च्या कायद्याने घालून दिला आहे.

आमच्या शेतकरी बांधवांचा या बाबतीत जो गैरसमज होतो, त्याचे मूळ त्यांच्या ओळखीच्या कायद्यात आहे असे आम्हांस वाटते. बांधावरून वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा येजा केली की ती वहिवाट ठरते आणि मग शेजाऱ्यास ती वाट बंद करता येत नाही, हे 1882 च्या कायद्याचे तत्त्व या भागातील लहान मुलासही ठाऊक असते. कारण वाटांचे दावे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु सरहद्दीच्या कायद्यात वहिवाटीस उलटे फळ येते. तेथे तुम्ही जितक्या वेळा, जितके अधिक दिवस राहून आला असाल, तितका तुमचा हक्क दृढ न होता तुमच्याविषयीचा संशय दृढ होतो. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात असे गृहीतच धरलेले आहे की, येणारा प्रत्येक जण कायम राहण्याच्या हेतूने येत आहे, आणि तसा हेतू नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्या शिरावर आहे. इंग्लंडच्या नियमांनी तर स्पष्टच म्हटले आहे की, वारंवार वा लागोपाठ भेटी देऊन पाहुण्याने तो देश आपले मुख्य घर करता कामा नये. युरोपातील शेंगेन राष्ट्रांनी हा वाद अंकगणितानेच मिटविला आहे: कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढे नाही.

या ठिकाणी एक दृश्य वाचकांनी जवळून पाहावे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीच्या खिडकीशी एखादे वृद्ध दांपत्य उभे असते. बाबांच्या हातात फुगलेली फाइल असते. तीत सातबाराचा उतारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याची उसाच्या बिलाची पावती, बँकेचे पासबुक, सारे काही क्रमाने लावलेले असते. काचेपलीकडचा अधिकारी त्या फाइलीस बहुधा हातही लावीत नाही. तो विचारतो, मागच्या खेपेस किती दिवस राहिलात, परत केव्हा आलात, आणि आता इतक्या लवकर पुन्हा का चाललात. ज्याची जमीन कळंबला आहे पण जो स्वतः वर्षाचे आठ महिने डॅलसला असतो, त्याचा सातबारा त्याच्या वतीने काय साक्ष देणार? जमिनीवरचे नाव आणि जमिनीवरचा वावर या दोन भिन्न गोष्टी आहेत; आणि 2021 पासून ई-पीक पाहणीची नोंद शिवारात उभे राहून मोबाइलवर करावी लागते तेव्हापासून तर हा भेद आपल्या महसूल खात्यासही दिसू लागला आहे.

करांचा मुद्दा तर या पहिल्या पक्षाच्या ध्यानीमनीही नसतो. चालू वर्षातील वास्तव्याचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक-तृतीयांश आणि त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक-षष्ठांश यांची बेरीज 183 भरली, की तो मनुष्य, चालू वर्षी किमान 31 दिवस तेथे राहिलेला असल्यास, करापुरता अमेरिकेचा रहिवासी समजला जातो. दरसाल 180 दिवस राहणाऱ्याची बेरीज 180, 60 आणि 30 मिळून 270 होते. आपला निकटचा संबंध भारताशीच आहे असे रीतसर निवेदन केल्यास यातून सुटका होऊ शकते. परंतु असे निवेदन असते हेच ज्यांस माहीत नाही, ते आपण केवळ नातवंडांस भेटून आलो अशा समजुतीत निर्धास्त असतात.

याहूनही घातक असा एक सल्ला काही व्हिसा-सल्लागार देतात, आणि त्याचा निषेध केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस शक्य नाही. ते सांगतात, मुदत संपत आली की चार दिवस कॅनडात जाऊन परत या, म्हणजे नवे सहा महिने मिळतात. आणि मुलाखतीत सुनेच्या बाळंतपणाचा उल्लेख करू नका, नायगारा पाहावयास चाललो म्हणा. पहिली गोष्ट निराधार आहे. कॅनडा वा मेक्सिकोत तीस दिवसांहून कमी काळ जाऊन आल्याने नवी मुदत मिळेलच असे नाही, जुनीच पुढे चालू धरली जाण्याचा संभव असतो. दुसरी गोष्ट केवळ निराधार नाही तर विनाशक आहे. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे सिद्ध झाले तर त्या देशाचा दरवाजा जन्मभरासाठी बंद होऊ शकतो. ज्या माणसाने आयुष्यभर गावात शब्द पाळला, त्यास साठीनंतर खोटी जबानी पढवून परक्या अंमलदारापुढे उभे करणे हे आम्ही त्याच्या वयाचा अपमान समजतो. खरोखरच अधिक राहण्याची निकड असेल, आजारपण वा बाळंतपणातील अडचण असेल, तर मुदत संपण्यापूर्वी तेथूनच मुदतवाढीचा अर्ज करण्याचा राजमार्ग कायद्याने ठेवलेला आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. हे आईबाप कपटी आहेत, मुलांनी त्यांस फुकटच्या दाया म्हणून नेले आहे, असे जे बोलले जाते, त्यात सत्याचा अंश फार थोडा आणि निष्ठुरपणा फार मोठा आहे. पर्यटकास तेथे नोकरी करता येत नाही. परंतु आजीने नातवास मांडीवर घेणे यास नोकरी म्हणावयाचे असेल तर जगातील सर्व कुटुंबसंस्थेसच मजुरीच्या खात्यात घालावे लागेल. क्वचित कोठे सून-मुलगा दोघेही कामावर जातात आणि म्हातारी दिवसभर बंद घरात मूल सांभाळीत बसते, हे आम्ही नाकारीत नाही. तिला बाहेर जाण्यास वाहन नाही, शेजाऱ्याची भाषा येत नाही, आणि प्रवासी विम्यातून तिचा जुना मधुमेह बहुधा वगळलेला असतो. पण हा दोष मुलांनी सुधारावयाचा आहे. त्याचे खापर म्हातारीच्या पासपोर्टावर फोडणे अन्याय्य होय.

आणि या पक्षाने एवढा तरी विचार करावा की या माणसांपुढे दुसरा मार्ग कोणता आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारे मिळणारी कायम वास्तव्याची पत्रे वर्षास सुमारे 1,40,000; आणि 1990 च्या कायद्याने सामान्यतः कोणत्याही एका देशास त्यांतील सात टक्क्यांहून अधिक द्यावयाची नाहीत. त्यामुळे एच-वन व्हिसावर गेलेला भारतीय अभियंता वर्षानुवर्षे रांगेत उभा राहतो, आणि रांगेत असेपर्यंत आईबापांसाठी काहीही मागू शकत नाही. पुढे त्यास ग्रीन कार्ड मिळाले तरी पत्नी व अविवाहित मुले यांच्यापुरताच त्याचा अर्ज चालतो. आईबापांसाठी अर्ज करण्याचा हक्क नागरिकत्व मिळाल्यावरच येतो, आणि त्यासाठी सामान्यतः आणखी पाच वर्षे जावी लागतात. तोवर बाप सत्तरीस पोहोचतो. बरे, तेव्हा त्या बापास ग्रीन कार्ड मिळाले तरी त्याचा प्रश्न सुटतो असेही नाही, कारण ते कार्ड घेणाऱ्याने तेथेच घर करावे अशी अपेक्षा असते. पूर्वपरवानगीवाचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते निरुपयोगी होते. कळंबचा शेतकरी आपले शिवार, आपली विहीर, डिंभे धरणाच्या आवर्तनाची पाळी आणि गावची यात्रा सोडून न्यू जर्सीचा कायम रहिवासी होऊ इच्छीतच नाही. तो पर्यटकही नाही आणि स्थलांतरितही नाही. त्याचे घर येथे आहे आणि त्याचे रक्त तेथे आहे. आणि या स्थितीस अमेरिकेच्या कायद्यात नाव नाही.

हाच आमचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे. वारंवार पर्यटक होऊन जाणे हा गुन्हा नव्हे आणि हक्कही नव्हे. तो एका अपुऱ्या कायद्याने निर्माण केलेला निरुपाय आहे, आणि त्यावरील उपाय म्हणजे आईबापांच्या दीर्घ भेटीसाठी स्वतंत्र, स्वनामाने ओळखला जाणारा परवाना. ही कल्पना हवेतली नाही. कॅनडाने डिसेंबर 2011 मध्ये आईबाप व आजीआजोबांसाठी 'सुपर व्हिसा' काढला. आरंभी एका खेपेस दोन वर्षे राहता येत असे, 2022 पासून पाच वर्षे राहता येते. मुलाचे किमान उत्पन्न, वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा अशा अटी त्यास आहेत. आणि त्या अटी रास्त आहेत, कारण पाहुण्याच्या आजारपणाचा बोजा यजमानाच्या खजिन्यावर पडू नये असे म्हणण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. ऑस्ट्रेलियाने 2019 पासून आईबापांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा आणि एकंदर दहा वर्षांपर्यंत चालणारा तात्पुरता परवाना सुरू केला. त्याची फी जबर आहे, आणि ती कमी व्हावी असे आमचे मत आहे. पण तेथे निदान म्हाताऱ्या माणसास आपण प्रेक्षणीय स्थळे पाहावयास आलो आहोत असे भासवावे लागत नाही.

आमच्या देशानेही या विषयात दोन्ही प्रकारचे वर्तन केले आहे. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या कटातील डेव्हिड हेडलीचे प्रकरण उघडकीस आल्यावर 2009 च्या अखेरीस भारत सरकारने पर्यटक व्हिसावरील दोन भेटींत दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे केले. वास्तविक हेडली आला होता तो व्यावसायिक व्हिसावर. परंतु जाच झाला तो गोव्यात हिवाळा काढणाऱ्या वृद्धांस आणि येथे मुक्काम ठेवून शेजारच्या देशांत फिरून परत येऊ पाहणाऱ्या निरुपद्रवी प्रवाशांस. 2012 च्या अखेरीस काही देशांचे अपवाद वगळून ते बंधन उठविण्यात आले, हे शहाणपणाचे झाले. याच्या आधीच, 2005 मध्ये, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मुलाबाळांसाठी सरकारने ओसीआय कार्ड आणून त्यांस जन्मभर येण्याराहण्याची मोकळीक दिली. म्हणजे मुलगा अमेरिकन झाला तरी कळंबच्या घरी हवे तितके दिवस राहू शकतो; त्याच्या बापास मात्र मुलाच्या घरी राहण्यासाठी दर खेपेस दिवस मोजून घ्यावे लागतात. ही विषमता अमेरिकेपुढे मांडण्याजोगी आहे, आणि ती मांडण्याचा नैतिक अधिकार आपण ओसीआयने कमावलेला आहे.

परक्या भूमीतील दीर्घ वास्तव्यासंबंधी जुन्नर परिसरास तर फार जुना अनुभव आहे. सातवाहनकाळी नाणेघाटाच्या वाटेने या नगरीशी जो व्यापार चाले, त्याच्या काळातील येथील लेण्यांत यवनांचे, म्हणजे ग्रीक वा तत्सम परदेशीयांचे, तीन दानलेख आहेत. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप दिला. हे दाते येथे किती काळ राहिले ते शिलालेख सांगत नाहीत. परंतु त्यांनी आपली ओळख लपविली नाही, आपण यवन असे उघड कोरविले, आणि जेथे राहिले तेथील गरजेचा वाटा उचलला. आम्ही ज्या परवान्याची मागणी करतो त्याचे स्वरूप हेच असावे: खरे नाव, खरा हेतू, आणि विम्याचा व खर्चाचा भार आपल्या शिरी.

तोपर्यंत आईबापांनी आणि मुलांनी काय करावे, हे विचारण्याचा वाचकांस हक्क आहे. जितके दिवस तेथे काढाल त्याहून अधिक दिवस मधे येथे काढावेत. दरसाल सहा महिन्यांचा मुक्काम टाळून दोन-तीन महिन्यांची भेट द्यावी. पोहोचल्यावर मुलाने आगमन-नोंदीतील तारीख स्वतः पाहून तिची प्रत आईबापांच्या हाती ठेवावी. विमा जुन्या आजारांसह मिळतो का याची चौकशी करूनच तिकीट काढावे. आणि विचारतील ते खरे सांगावे. ज्या मुलांस नागरिकत्व मिळाले आहे त्यांनी आईबापांची इच्छा आधी विचारावी आणि मगच अर्ज करावा. राहिला कायद्याचा प्रश्न. व्यापार आणि संरक्षण यांच्या वाटाघाटींत दिल्लीचे मंत्री वॉशिंग्टनला जातात तेव्हा एच-वनची चर्चा होते, आईबापांची होत नाही. आणि ती व्हावी असे कोणी त्यांस लेखी कळविल्याचे आमच्या पाहण्यात नाही. कळंब ज्यात येते तो आंबेगाव आणि जुन्नर हे दोन्ही तालुके शिरूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. ज्या घरांतील मुले परदेशी आहेत त्या घरांनी आपल्या ग्रामसभेत तसा ठराव मांडावा आणि सह्यांनिशी तो आपल्या खासदारांकडे पाठवावा, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.