चीनला जाताना

चीनला जाणारा भारतीय पर्यटक महाभिंत पाहतो, शांघायच्या उत्तुंग इमारतींपुढे छायाचित्रे काढतो आणि परततो. जेवणात तो ‘मांचुरियन’ शोधतो. तो पदार्थ मात्र भारतातच जन्मलेला! चिनी कुटुंब गोल मेजाभोवती बसून मधल्या सामायिक पदार्थांतून जेवते. भातात काड्या उभ्या रोवणे तेथे अशुभ मानतात, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशाच लावल्या जातात. शाकाहारी व्यक्तीने बौद्ध मंदिरांतील भोजनगृहे गाठावीत. तेथे कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

१९६६ साली सांस्कृतिक क्रांतीने जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती व सवयी यांविरुद्ध युद्ध पुकारले. मंदिरे फोडली, समाधी उखडल्या. तरीही समाज पूर्वजांना विसरला नाही. अखेर त्याच राजवटीने २००८ पासून पूर्वजस्मरणाच्या छिंगमिंग सणाला सार्वजनिक सुटी दिली. एप्रिलच्या प्रारंभी येणाऱ्या या सणाला कुटुंबे समाधी झाडून स्वच्छ करतात. शिजियाझुआंग येथे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या समाधीवरही तेव्हा फुले वाहिली जातात.

बीजिंगच्या सत्तेविषयी सावध राहणे भारतीयांना क्रमप्राप्तच आहे. परंतु सत्तेच्या आघातानंतरही पितरांचे स्मरण जपणारा समाज न पाहता परतणाऱ्याने चीन पाहिला, असे कसे म्हणावे?