संगणकाचा कूलर आणि आपला विवेक

वैशाखातील दुपारी बडोद्यात ‘कूलर’ हा शब्द उच्चारला, की खिडकीत बसविलेला, पाण्याने भिजलेल्या जाळ्यांतून गार वारा देणारा मोठा डबा डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याचा वीतभरही उंच नसलेला धाकटा भाऊ, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवर बसणारा कूलर, हा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु त्यावरून आमच्या घरात जो वाद झाला, त्यातून हौस आणि भपका, काटकसर आणि कंजुषी यांतील भेद मला प्रथमच स्पष्ट कळला.

खेळ खेळता येतील असा संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. बाबांनी त्यासाठी ठरावीक रक्कम साठवून ठेवली होती. मी उत्साहाने यादी केली. तीत काचेचे कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे आणि पाण्यावर चालणारा कूलर अग्रभागी होते. ह्या तिघांपायी ग्राफिक्स कार्डाला पैसे उरले नाहीत, म्हणून त्यापुढे मी ‘पुढील वर्षी’ असे लिहिले होते. बाबा यादी वाचून हसले नि म्हणाले, “अरे, मांडव यंदा आणि नवरदेव पुढल्या वर्षी, असे झाले हे!”

त्या वेळी मला राग आला. आज त्यांचे म्हणणे पटते. भाग निवडताना आरंभ मॉनिटरपासून करावा, असे माझे मत आहे. जो पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो, त्याला दीडशे चित्रे पुरविणारे कार्ड घेणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतण्यासारखेच. पडद्यावरून कार्ड ठरते, कार्डाला साजेसा प्रोसेसर ठरतो आणि प्रोसेसरच्या उष्णतेवरून कूलर ठरतो. हा क्रम उलटा केला, की पैसा वाया जातो.

आमच्यापुढे दोन प्रोसेसर होते : ‘रायझन ५ ७६००’ आणि ‘रायझन ५ ७६००एक्स’. दोहोंत गाभे सहाच. पहिल्याचा कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ, तर दुसऱ्याचा ५.३. परंतु पहिल्याची उष्णतेची नोंद ६५ वॅट, तर दुसऱ्याची १०५. शिवाय पहिल्याच्या पेटीत कंपनीचा साधा कूलर मिळतो. दुसऱ्याला तो वेगळा विकत घ्यावा लागतो. एवढ्याशा वेगासाठी इतका भार कशाला? आम्ही पहिला घेतला आणि वाचलेल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड त्याच वर्षी घरात आले.

पेटीतील कूलरने हिवाळा सुखाने काढला. मात्र उन्हाळ्यात त्याच्या पंख्याची घरघर वाढली. कारण उघड आहे. खिडकीतील कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवाच गार करतो. प्रोसेसरचा कूलर उष्णता केवळ उचलून खोलीत टाकतो. खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. पाण्यावर चालणारा कूलरही अखेर ती उष्णता खोलीतील हवेलाच देतो. त्यात पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग मात्र वाढतो.

तेव्हा आम्ही तांब्याच्या नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा साधा उभा कूलर आणला. ह्या बंद नळ्यांत किंचित द्रव असतो. तो प्रोसेसरजवळ वाफ होऊन वर जातो, पात्यांपाशी थंड होतो आणि परत येतो. खरेदीपूर्वी त्याची १५५ मिलिमीटर उंची कॅबिनेटमध्ये मावेल की नाही, हे पाहिले होते. तरीही पहिल्याच दिवशी तापमान ९५ अंशांवर गेले आणि प्रोसेसरने स्वतःचा वेग कमी केला. उघडून पाहतो तो काय, कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा मी काढलाच नव्हता! तो काढून वाटाण्याएवढा उष्णतावाहक लेप लावला आणि सारे सुरळीत झाले. विज्ञानाच्या तासाला घोकलेला ‘वहन’ हा शब्द त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजला. निष्काळजीपणावर महागड्या कूलरचाही इलाज चालला नसता.

दिव्यांची हौस वाईट, असे माझे म्हणणे नाही. पैसे उरल्यास ती अवश्य करावी. तसेच काटकसरीच्या नावाखाली हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय घेणेही मला मान्य नाही. तो बिघडला तर इतर भागांनाही धोका पोहोचू शकतो. जो भाग दिसत नाही पण सर्वांचा भार वाहतो, त्याच्यावर खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे.

बालमित्रहो, घरातील पैसा कोणाच्या तरी घामाचा असतो. यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा : “हिच्यावाचून काय अडेल?” उत्तर देता आले, तर ती वस्तू घ्या, न आले, तर ‘पुढील वर्षी’ हा शेरा तिच्यापुढेच शोभेल.