पाडताना टाळ्या, बांधताना गप्प?

मी सानगडीचा, तलावांच्या भंडारा जिल्ह्यातला. (कॉन्व्हेंटचा आहे, शुद्धलेखनाला हसू नका!) पावसाळ्यात तलावाचं पाणी कुठवर चढतं, हे आमच्याकडचे ढिवरकाका नकाशा न बघता सांगतात. समुद्रकाठी तेच ज्ञान कोळ्यांकडे आहे. पण त्यांना विचारतो कोण?

किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा नियम १९९१ पासून आहे. तरी अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला उभा राहिला आणि ८ मार्च २०१९ ला स्फोटकं लावून पाडावा लागला. तो व्हिडिओ लागला की होस्टेलवर टाळ्या पडतात. अरे, पण बांधकाम चालू असताना तपासणी कुठे होती?

रिसॉर्टचंही तसंच. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. सीआरझेडची परवानगी तेवढी हवी. त्याहून मोठ्याला मंजुरी लागते, पण बांधकाम प्रकल्प म्हणून जनसुनावणीतून सूट! म्हणजे रोज पाणी बघणाऱ्याला बोलवायची गरजच नाही.

रिसॉर्ट नकोच, असं मी म्हणत नाही. कोकणातल्या पोरांनाही रोजगार हवाच ना. पण पाया खणण्याआधी गावात, मराठीत, एक सुनावणी व्हायलाच हवी.

सिव्हिलवाल्यांनो, उद्या त्या ड्रॉइंगवर सही आपलीच असणार. सही करण्याआधी एकदा किनाऱ्यावर जाऊन कोळ्याला विचारू. बघा पटतंय का!