‘अ’ कुणी कापला?



पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतोय. ख्रिस्ती लोक प्रार्थनेच्या शेवटी ‘आमेन’ म्हणतात, तो म्हणे इजिप्तचा जुना देव अमुन. म्हणजे इतकी शतकं पाद्री अमुनचंच नाव घेतायत आणि त्यांना पत्ता नाही! वाचायला मजा येते. कुणाचा तरी देव उघडा पडला की आपल्याला बरं वाटतं.

पण हे खोटं आहे. आमेन हिब्रू. त्याचा धातू पक्कं असण्याचा, भरवशाचं असण्याचा. त्याच धातूचे अरबी भाऊबंद आपल्या तोंडात रोज आहेत : इमान, अमानत. मुसलमानांचं आमीन तेच. अमुनचा अर्थ त्याच्या भाषेत दडलेला, झाकलेला. शिवाय हा अमुन बायबलात यिर्मयाच्या पुस्तकात येतोच, पण शिक्षा होणारा परका देव म्हणून. ज्याला शिक्षा सुनावली त्याच्याच नावाने प्रार्थना संपवायला ते लोक खुळे नव्हते.

अमुनचं नाव खरोखर उरलं ते भलतीकडेच. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात त्याचं देऊळ होतं. तिकडच्या क्षाराला अमुनचं मीठ म्हणत. ते नाव पुढे नवसागराला चिकटलं आणि अठराव्या शतकात त्यातून अमोनिया हा शब्द आला. कल्हईवाल्याचा नवसागर, हातभट्टीतला नवसागर, आणि सार्वजनिक मुतारीत डोळ्यांना झोंबतो तो वायू. ती मुतारी कोण साफ करतो ते तुम्हाला सांगायला नको. देव तिथे जाऊन बसलाय, चर्चमध्ये नाही.

यात आपलं काय जातंय? जातंय. कारण असला नुसत्या कानाने केलेला इतिहास आपल्याही पत्रकांत शिरलाय. असुर म्हणजे असिरियाचा देव अश्शुर, असं छातीठोक छापलं जातं. अश्शुर हे टायग्रिसच्या काठचं शहर आणि त्याच शहराचा देव. ती भाषा सेमिटिक, वेगळ्या कुळातली. कानाला सारखं लागलं म्हणून नातं लागत नाही. तसं लागत असतं तर पु. ना. ओकांचं सगळंच खरं मानावं लागेल. व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती!

नातं लागतं ते नियमाने. संस्कृतात जिथे स, तिथे इराणच्या जुन्या भाषेत ह. एखाद्या शब्दात नाही, ओळीने. सोम तिथे हओम. सप्त तिथे हप्त. (नाक्यावरच्या दादाला पोचवायचा हप्ता तो हाच, सातातून निघालेला.) सिंधु तिथे हिंदु. म्हणजे ज्या शब्दाच्या गर्वाने मोर्चे निघतात तो इराणी तोंडात घडलाय. त्याच नियमाने असुर तिथे अहुर. अहुर मज्द, जरथुष्ट्राचा परमेश्वर. मुंबईच्या अग्याऱ्यांत आजही त्याचीच प्रार्थना चालते. होर्मुसजी हे पारशी नाव अहुर मज्द झिजत झिजत झालेलं. फोर्टातल्या जुन्या पाट्यांवर असुर असे राजरोस बसलेत. आणि आपल्याकडचा देव तिकडे दएव, म्हणजे दुष्ट. वेंदिदादमध्ये दएवांच्या यादीत चक्क इंद्र आहे.

मग इकडचा असुर पहिल्यापासून राक्षस होता का? अजिबात नाही. ऋग्वेदात वरुण असुर, अग्नी असुर, खुद्द इंद्रालाही असुर म्हटलंय, आणि मानाने म्हटलंय. पुढे तोच शब्द शिवी झाला. त्यानंतरची कमाल बघा. असुरमधला ‘अ’ म्हणजे नकार असं धरलं, तो कापला, आणि उरलेला ‘सुर’ देव म्हणून उभा केला. ऋग्वेदात देव या अर्थाचा सुर सापडत नाही. म्हणजे ज्याला राक्षस ठरवलं त्याच्याच नावाचा तुकडा घेऊन देवांनी बारसं केलं! असित म्हणजे काळा. त्यातला अ काढून सित म्हणजे पांढरा. विधवा हा फार जुना शब्द; त्यातला वि काढून धव म्हणजे नवरा. हे कुणी बैठक घेऊन, कट करून केलं असं माझं म्हणणं नाही. भाषेत असं होतं. पण शब्द कापून कोण मोठा झाला ते बघा : देव, गोरा, नवरा.

आता जोतीरावांबद्दल. 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी म्हसोबाची फोड महासुभा अशी केली, बळीच्या राज्यातला अधिकारी. ही फोड आज भाषाशास्त्रात टिकत नाही आणि आपण ती पुरावा म्हणून पुढे करू नये. काहींच्या भुवया चढतील, चढू द्यात. जो मारला गेला त्याची बाजू कुठाय, हा जोतीरावांचा सवाल त्या फोडीवर उभा नाही. चिपळूणकर ‘निबंधमाले’तून जोतीरावांची टर उडवत होते. टिळकांनी 1917 साली भांडारकरांच्या गौरवग्रंथात अथर्ववेदातल्या तैमाताचं नातं बाबिलोनच्या तियामतशी आणि यहोवाचं नातं वेदातल्या यह्वशी लावलं. त्याची टर कोण उडवतो? ते संशोधन! म्हसोबाची महिषासुराशी सांगड घालायचीच तर कोसंबींच्या वाटेने घाला. 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मागे पायी फिरणं आहे, शेंदराचे दगड आणि गावची पूजा डोळ्यांनी बघणं आहे.

हा पुस्तकी वाद नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये दिल्लीत ‘फॉरवर्ड प्रेस’च्या कचेरीत पोलीस शिरले ते महिषासुरावरच्या अंकासाठी. फेब्रुवारी 2016 मध्ये महिषासुराचं पत्रक संसदेत वाचून दाखवलं गेलं, राष्ट्रद्रोहाचा नमुना म्हणून. अशा वेळी पत्रकातली एक ओळ खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या ओळी ते सहज गिळतात.

झारखंडात नेतरहाटच्या पठारावर असुर नावाची आदिवासी जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळलेले लोक. भाषा मुंडा कुळातली, युनेस्कोने धोक्यात म्हणून नोंदवलेली. त्यांच्यातले काही दुर्गापूजेत दुखवटा पाळतात. ते वेदातल्या असुरांचेच वंशज, असं आपली पोरं लगेच लिहून मोकळी होतात. नावाच्या साम्यावरून वंशावळ निघत नाही. पण दुखवटा खरा आहे, आणि दुखवटा पाळायला कुणाला व्युत्पत्तीचा दाखला लागत नाही.

नवरात्राचं पत्रक छापायला चाललंय. आमेनची आणि अश्शुरची ओळ काढलीय. अहुर, सुर, सित ठेवलेत. वाटताना एखादा भटजी किंवा प्राध्यापक आडवा आला तर हुज्जत नको. त्याला एवढंच विचारा : ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय की नाही?